तेरा नंबरच्या कड्या

"पासष्ट!" लंबू स्टुलावरून ओरडला. "तिसऱ्यांदा मोजल्या. पासष्टच!"

"बारा मुलं, पाच दिवस, रोज प्रत्येकी एक कडी. साठच हव्यात!" मुनीम वहीवर पेन्सिल आपटत म्हणाली. वय वर्षं तेरा, पण हिशेबाला अशी चिकट की वर्गानं तिचं नावच मुनीम ठेवलं होतं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये छोट्यांसाठी दहा दिवसांचं 'सुट्टीतलं गणित' भरलं होतं. कागदी बोटीत पाच चढले, दोन उतरले, अशी गणितं सोडवायची आणि जाताना लाल, पिवळी, निळी या क्रमानं माळेत आपली कडी चिकटवायची. मुनीम, लंबू आणि मुनीमचा धाकटा भाऊ भोंगा हे तिघं यंदा पहिल्यांदाच मदतनीस झाले होते.

"चोर!" भोंगा त्याच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं, म्हणाला.

"अरे, चोर नेतो. हा तर देऊन जातोय!" मुनीम म्हणाली.

"आणि रंगांचा क्रमही चुकवत नाही," लंबू पुटपुटला.

तेवढ्यात व्यवस्थापक काका आले. काकांना काम झटपट उरकायची फार हौस. हजेरीसुद्धा ते नावं न वाचता नुसते नंबर पुकारून घेत. "आगाऊपणा कुणाचा आहे हा? सापडला की हॉलमध्ये पाऊल टाकू देणार नाही, मग तो कुणी का असेना! आणि शेवटच्या दिवशी वाचनालयाच्या अध्यक्षीणबाई येतील, तेव्हा माळ बाराच्या हिशेबानं हवी. जादाच्या फाडून टाका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडण्याआधीच तिघं मागच्या खिडकीतून आत शिरले आणि सतरंज्यांच्या ढिगामागे दडले.

दार उघडलं. झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी झाडू कोपऱ्यात ठेवला, हात धुतले, कोरडे पुसले. मग माळेजवळ जाऊन ओठातल्या ओठात म्हणाल्या, "लाल, पिवळी... निळी." निळी पट्टी उचलली, डिंक लावला, कडी जोडली.

"झाली बघ तुझी आजची."

भोंगा शिंकला! त्याची शिंकही त्याच्या आवाजासारखीच.

मावशी दचकल्या. तिघं खाली मान घालून उभे राहिले.

"काकांना सांगाल?" मावशींनी विचारलं.

"पण मावशी, कुणासाठी?" मुनीम म्हणाली.

"माझी लेक होती ना, गेल्या वर्षी. तेरा नंबर. मधे तापानं गेली." मावशी माळेकडेच बघत होत्या. "काका रोज पुकारतात, तेरा नंबर! मी व्हरांड्यात झाडत असते. मग म्हणतात, आजही दांडी! तिनं एक दिवस बुडवला नव्हता हो. एकसुद्धा नाही."

काकांनी गेल्या वर्षीची यादी तशीच उतरवली होती! तेरा नंबरची मुलगी मामाकडे गेली असेल, असं तिघांना रोज वाटायचं. ते रोज हसायचेही. भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "मावशी, उद्याही लावा."

शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या कड्या लावून झाल्यावर अध्यक्षीणबाई आल्या. छोट्यांनी दहा-दहाच्या जुड्या मोजल्या आणि एका सुरात ओरडले, "तेरा जुड्या! एकशे तीस!"

"अहो, चूक आहे!" काका उठले. "मुलं बाराच! फाडा म्हटलं होतं ना?" आणि त्यांनी माळेला हात घातला.

दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी झाडू घट्ट धरला.

"काका, हजेरी उघडू?" मुनीम मधे शिरली. "रोज किती नंबर पुकारता?"

"तेरा!" भोंग्यानं हजेरी उघडून अध्यक्षीणबाईंपुढे धरली.

"तेरा गुणिले दहा," लंबू गरिबासारखा म्हणाला. "हजेरी चुकली असेल, तर तसं सांगा काका."

काकांनी हजेरीकडे पाहिलं, तेराव्या ओळीवरचं नाव बहुधा पहिल्यांदाच वाचलं, आणि दाराकडे पाहिलं. माळ हातातून सुटली.

"तेराच," ते म्हणाले. "माझीच चूक."

"शाब्बास! हिशेब चोख!" अध्यक्षीणबाईंनी तिघांची पाठ थोपटली. दहा दिवस ज्या शाबासकीची वाट पाहिली होती, ती मिळाली. पण तिघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

मग माळ सोडली. प्रत्येकानं आपापल्या दहा कड्या घरी नेल्या. शेवटी उरली सर्वांत छोटी मुलगी.

"ताई, या दहा उरल्या!"

"उरल्या नाहीत गं," मुनीम म्हणाली. "त्या तेरा नंबरच्या आहेत."

छोटीनं त्या उचलल्या आणि मावशींकडे गेली. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, नळावर जाऊन हात धुतले, कोरडे पुसले, आणि मग दोन्ही हात पुढे केले.