चौघांचा तंबू

कैलासनं तळेगावच्या चौकात गाडी थांबवली ती फक्त सुतळी घ्यायला. तंबूसोबत आलेल्या नाजूक दोऱ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. आपल्याकडे तंबू म्हणजे सर्कशीचा, नाहीतर लग्नातल्या आचाऱ्यांचा. धडधाकट घर सोडून पांघरुणं घेऊन वावरात झोपायला जायचं, हे खूळ हौशी माणसालाच सुचणार. हौस त्याच्या पोराची, रोशनची होती. कॉलेजच्या शिबिरात तंबूत राहून आला आणि त्यानं घरात धोशाच लावला. शेवटी सगळ्या घराला पुरेल असा मोठा तंबू मागवून घेतला. खोकं शहराकडच्या, सिंदी मेघेच्या घरी आलं तेव्हा तो तापानं फणफणून दवाखान्यात पडला होता. मिसरूड फुटलेला पोरगा, खोकं न उघडताच गेला.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. भाऊबंदांनी एकेक कबूल करून पाहिलं. आईले सांभाळू, बहिणीले शिकवू. कावळे आपले झाडावरच. शेवटी कैलासनं हात जोडले आणि रडत रडत म्हणाला, "रोशन, तुह्या तंबूत आपन चौघंही झोपू बाप्पा. शब्द हाये माहा."

आणि कावळा उतरला.

पावसाळ्यात काळ्या मातीत खुंटी ठरत नाही, म्हणून ते थंडीपर्यंत थांबले. आज वावरात जाण्याआधी गावातल्या घरी चहा झाला, तेव्हा कैलासच्या आईनं, नलूबाईंनी, त्याच्या बायकोला, सुरभीला, चुलीपाशी बोलावून घेतलं.

"जराशीक आडवं होजा, शब्द पुरा करजा, अन् दिवे लागायच्या आत घरी येजा. त्याले हाक मारजो नोको. अन् पोरी, नवा शब्द तं देजोच नोको. गेलेलं मानूस शब्दाले धरून बसते."

सुरभीनं मान डोलावली. पण खरं सांगायचं तर तो शब्द पुरा व्हायलाच तिला नको होता. शब्द बाकी होता तोवर पोरगा कुठंतरी वाट पाहत थांबलेला होता. पुरा झाला की तो सुटणार. सुटायलाच हवा, हे तिला कळत होतं. पण कळतं ते वळायला जीव तयार पाहिजे ना.

सोयाबीन निघालेल्या वावरात, संत्र्याच्या बगीच्याच्या कडेला, त्यांनी ते निळं कापड उलगडलं. नव्या रबरासारखा वास सुटला. कैलासनं लवचिक दांडे जोडून कापडातून ओवले. आता चारही कोपरे एकदम उचलायचे होते, आणि माणसं तीन. त्यातली काजल आठ वर्षांची. इकडचा कोपरा उचलावा तर तिकडचा बसे.

"बाबा, तिकडून कोन धरन?" काजलनं विचारलं.

"कोनी नाई. थांब, मी खुंटी ठोकतो."

तो वळायच्या आतच तिकडचा दांडा कमानीसारखा वाकला, कापड ताणलं गेलं आणि अख्खा तंबू उभा राहिला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. कैलास हातोडी घेऊन तसाच थांबला. मग त्यानं चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, वर सुतळीचे पीळ दिले.

आत सुरभीनं चार गोधड्या अंथरल्या. तिघं ओळीनं आडवी झाली. कैलास, मग काजल, मग ती, आणि तिच्यापलीकडे रिकामी गोधडी. दिवस कलला होता. निळ्या कापडातून येणाऱ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते. दूर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चालू होती, तीही बंद झाली.

मग तो वास आला. ओल्या पट्टीचा, तापाच्या घामाचा आंबूस वास. दवाखान्यात रात्र रात्र तिनं तो घेतला होता. तिनं हळूच पलीकडे हात नेला. गोधडी गरम होती.

कैलास उठून बसला. "झालं... चाला. अंधार पडून राह्यला." काजलला घेऊन तो बाहेर गेला.

"आली मी," सुरभी म्हणाली, पण हात उचलवेना. तळव्याखाली काहीतरी हललं.

"आई... चालली तू?"

नलूबाईंचं बोलणं तिला आठवलं. नाही असं नाही. पण पोराचा आवाज घशात अडकत होता, शेवटच्या रात्री अडकत होता तसाच, आणि त्या रात्री डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं होतं.

"नाई रे राजा... मी आहो ना इथंच. तुह्यापाशीच. कुठंच नाई जात."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. तडक उठली, बाहेर आली. उठताना अंग फार हलकं वाटलं, जसं बरंच काही खाली ठेवून दिलंय.

बाहेर कैलासनं खुंट्या उपटल्या, सुतळ्या सोडल्या, दांडे ओढून काढले. तंबू पडला नाही. नुसतं कापड उभं होतं. किंचित फुगत होतं, किंचित बसत होतं. कैलासच्या हातातला दांडा खाली पडला. मग दाराची चेन आतून लागत खाली येऊ लागली... हळूहळू, थंडीचं दार लावून घ्यावं तशी.

आत कुणीतरी कुणालातरी थोपटत होतं.

"झोप राजा... मी आहो ना इथंच..."

आवाज सुरभीचा होता. रडून बसलेला, तिचाच. कैलासनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. मी इथं आहे, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण घशातून हवासुद्धा निघेना.

काजलचा हात तिच्या हातात होता. पोरीनं मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं. मग तिनं बोटं हळूच सोडवून घेतली आणि तंबूकडे तोंड करून हाक मारली, "आई..."

आतून ओ आली.