काचा काढल्यावरही

सुनंदा, तो दिवा जरा बारीक कर. ही गोष्ट आमच्या कचेरीतल्या विश्वासरावांची. त्यांनी स्वतः मला सांगितलेली.

छप्पन साल. ३१ ऑक्टोबर, बुधवार, धनत्रयोदशी. मध्य भारत राज्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून राजधानी भोपाळ, निम्मी कचेरी तिकडे निघालेली. विश्वासराव नकाशे काढायचे. त्यांची बुबुळं टोकदार झाली होती, चष्मा उपयोगाचा नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी काचेच्या वाट्या करून दिल्या होत्या. मिठाचं पाणी भरून त्या डोळ्यांत बसवायच्या आणि चार तासांनी काढून पाणी बदलायचं. नाहीतर सगळं धुरकट व्हायचं. पण साहेबांना कळलं तर भोपाळच्या यादीतून नाव कटणार! म्हणून त्या दिवशी त्यांनी सकाळपासून वाट्या काढल्याच नव्हत्या.

संध्याकाळी साडेसातला नकाशांची पेटी घेऊन ते पडावाकडे, स्टेशनावर निघाले. नऊच्या गाडीत ती चढवायची होती. दारोदार यमदीप लागले होते. त्यांना प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं. मग कडी एकमेकांत मिसळली. रस्ता पांढरा झाला.

त्या पांढऱ्यात एकच माणूस स्वच्छ दिसत होता. दूर उभा. पागोट्याचा पीळ न् पीळ दिसत होता.

विश्वासराव एका ओट्यावर बसले. वाट्या काढून रुमालात ठेवल्या. वाट्यांशिवाय त्यांना स्वतःची बोटंही दिसत नसत.

दिवे पुसले गेले. रस्ता पुसला गेला.

माणूस तसाच. आता जवळ...

फिर काय म्हणतोस, मधु? ऐक.

त्यांनी डोळे घट्ट मिटले.

तरी तो दिसत होता. अंगरख्याचे बंद. मिशीचे केस. आणि डोळ्यांच्या जागी...

ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

"कोण आहात आपण?" विश्वासरावांनी विचारलं.

अगदी कानाशी आवाज आला, "फार थकले हो तुमचे डोळे. मिटून देऊ?"

पापण्यांवर दोन अंगठे टेकले. थंडगार.

एका टांगेवाल्यानं त्यांना घरी आणलं. गाडी चुकली, साहेबांना सगळं कळलं, नोकरी गेली. काचेच्या वाट्या त्यांनी पुन्हा कधी घातल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंग घालताना त्यांच्या पत्नीला, वनमालावहिनींना, त्यांच्या दोन्ही पापण्यांवर राखेच्या रंगाचे ठसे दिसले. अंगठ्यांचे. रेषा न् रेषा उमटलेली. वहिनींनी उटण्यानं घासघासून पाहिलं.

चौदा वर्षांनी विश्वासरावांना चितेवर ठेवलं, तेव्हा मी वाकून पापण्यांवर पाहिलं.

होते.