सासऱ्यांच्या गाडीचे ब्रेक

"भाऊ म्हणतो, माझ्या नवऱ्यानं मुद्दाम केलं," भेटायला आलेली तरुणी म्हणाली.

तपासनीसबाईंनी तिला बसवून सगळं विचारून घेतलं. त्यांचे जुने सोबती मास्तर ऐकत बसले.

हकिगत सरळ होती. रविवारी जावयानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सासऱ्यांच्या अंगणात त्यांच्या गाडीचं ब्रेकचं तेल बदललं. मेहुणा, म्हणजे तिचा भाऊ, गाडीत बसून पेडल दाबत होता. सोमवारी लांब उतारावर पेडल एकाएकी खाली बसलं, गाडी कठड्यावर आदळली आणि सासऱ्यांचा पाय मोडला. सासऱ्या-जावयांतून विस्तव जात नव्हता, हे जगजाहीर.

मास्तरांनी निकाल देऊन टाकला : नट सैल सोडला असणार.

पण गाडी तपासणाऱ्या मेकॅनिकला कुठं थेंबभरही गळती दिसली नव्हती. त्याच संध्याकाळी तर पेडल पुन्हा कडक लागलं. मात्र तेलात ओलावा तपासायचं पेन बुडवताच लाल दिवा लागला : तेलात पाणी.

जावई म्हणाला, बाटली नवी कोरी आणली होती. मेहुण्यानंच उघडून हातात दिली. मेहुणा म्हणाला, तेलाला आपण शिवलोच नाही. स्वतःच्या मोटारसायकलचंसुद्धा तीन वर्षांत बदललेलं नाही. अंगणातल्या फळीवर झाकणाऐवजी चिंधीचा बोळा कोंबलेला जुना तेलाचा डबा रिकामा पडला होता.

बाईंनी तेच पेन मोटारसायकलच्या ब्रेकच्या तेलात बुडवलं. हिरवा दिवा : पाणी नाही. मास्तर चक्रावले.

सगळे सासऱ्यांच्या खाटेभोवती जमले. जावई दारातच थांबला.

"ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं," बाई म्हणाल्या. "उतारावर ब्रेक तापले, त्या पाण्याची वाफ झाली, पेडल बसलं. गार झाल्यावर पूर्ववत. सैल नट आपोआप घट्ट होत नाही, मास्तर. म्हणजे गाडीत गेलं ते उघड्या डब्यातलं जुनं तेल. मग नवं कुठं गेलं? तीन वर्षं न बदललेल्या तेलात हिरवा दिवा लागला, तिथं."

मेहुण्यानं मान खाली घातली. नवं तेल त्यानं आपल्या मोटारसायकलला वापरलं, बाटली डब्यातल्या तेलानं भरली. तेल ते तेल, असं त्याला वाटलं होतं.

"बाबांचा पाय मोडला, आणि माझी जीभच उचलेना," तो म्हणाला. "मग दुसऱ्याचं नाव घेणं सोपं गेलं."

सासऱ्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं. मग दाराकडे वळून हळूच म्हणाले, "जावईबापू, आत या. बसा."

परतताना बायको नवऱ्याला म्हणाली, "पहिले दोन दिवस मलाही वाटलं होतं, तू मुद्दाम केलंस."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तरी तू बाईंना विचारायला गेलीस."