रिसीव्हर चालूच होता

तंबूत पाय टाकताच फौजदार चनबसप्पा हत्तुरे यांचा बूट रक्ताला चिकटला. सर्व्हेचे गोपाळसाहेब पालथे पडले होते. तंबूच्या खुंट्या ठोकायच्या घणाने कोणीतरी त्यांची कवटी फोडली होती. एका घावात भागले नव्हते.

टेबलावरचा रिसीव्हर मात्र खुशाल चालू होता. आभाळातून जाणाऱ्या उपग्रहाचे संकेत पकडून आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगणारे हे परदेशी यंत्र. दिवा चांगला लख्ख पेटलेला.

अक्कलकोटकडच्या त्या माळावर गुन्हेगार आधीच ठरला होता. काल दिवेलागणीला गावातला पोरगा तिप्पण्णा गोपाळसाहेबांची भाकरी घेऊन तंबूत आला आणि रक्ताळल्या हातांनी ओरडत गावात पळाला. गावाने त्याला लिंबाला बांधून रात्रभर झोडपले. सकाळी आलेले शिपाई आता आपलीही हौस भागवून घेत होते.

"त्यानं सायबाला नुसतं उचलाया हात लावला वो," त्याची आई मायाक्का तंबूच्या दाराशी रडत होती. "एकुलता हाय. मरंल की त्यो!"

"बघू," हत्तुरे म्हणाले. शिपायांना थांबवायचे काही त्यांना सुचले नाही.

तेवढ्यात पहिल्या एस.टी.ने आलो असे सांगत साहेबांचा यंत्रावरचा मदतनीस मुकुंद आत आला.

"काल कुठे होतास?"

"दुपारपासून सोलापुरात. सात रस्ता चौकाजवळच्या लॉजवर."

"हे कोण चालवतं?"

"साहेब आणि मी. तिसऱ्याला हात लावू देत नाही."

"लावायचं कसं?"

मुकुंद खुलला. अँटेना उघड्यावर रोवायची, तिची उंची मोजून या बटणांवर लावायची. उंची चुकली की सगळं काम वाया. "आणि यंत्र थंड पडू द्यायचं नाही. पुन्हा नीट तापायला अख्खा दिवस जातो."

"इथं वीज कुठाय?"

"बॅटरी आहे ना. दुपारी चारला जोडली की मध्यरात्री उतरते. मग दुसरी लावायची."

"काल रात्री ती कोणी लावली?"

मुकुंद दाराकडे सरकला.

"साहेब दिवेलागणीआधीच मेले," हत्तुरे म्हणाले. "तिप्पण्णा लिंबाला बांधलेला, सगळं गाव त्याच्याभोवती. तरी कोणीतरी प्रेत ओलांडून आलं आणि बॅटरी बदलून गेलं. दुसऱ्या कोणाला यंत्राची काय पडलीय? तू सोलापूरला गेलाच नव्हतास. परत कशाला आलास?"

मुकुंदने बाहेर झेप घेतली. दारातल्या शिपायाची काठी गुडघ्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज झाला.

"उंची मी चुकीची लावली होती!" तो किंचाळला. "सगळं काम वाया गेलं. गोपाळसाहेब नोकरी घालवतो म्हणाला, कानफटात मारली. मग माझाही हात उठला. रात्री उंची नीट करायला आलो, तर बॅटरी उतरत आलेली. रोजची सवय, साहेब. हात आपोआप गेला."

हत्तुरे लांब ढांगा टाकत लिंबाकडे गेले. दोर सोडलेला होता. मायाक्का पोराचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

"मायाक्का, तुझ्या पोरानं काही केलं नाही. खुनी सापडला."

"मला म्हाईतच हुतं की," ती म्हणाली. तिप्पण्णाचे डोळे उघडे होते आणि छाती हलत नव्हती. "ह्येला सांगा आता."