गरुडाची बाजू

मे १९६६, रविवार, दुपारचे तीन. खामगावच्या संग्रहालयात एकाच कात्रीवर दोन हात पडले. एक वच्छलेचा, ती कन्याशाळेत शिक्षिका. दुसरा वामनचा, तो कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून.

“घ्या तुम्ही,” तो म्हणाला. कात्री मात्र सोडली नाही.

मोठ्यांसाठी शिवणकामाचा वर्ग होता. कॅनडाच्या किनाऱ्यावरचे हैडा लोक काळ्या घोंगडीवर लाल कापडाचे पक्षी शिवतात, कडेने शिंपल्याच्या गुंड्या लावतात. तसंच इथे लहान तुकड्यावर करायचं होतं. वच्छलेने डोमकावळा निवडला. वामननेही तोच. मे महिन्यात मांडीवर लोकर… तरी दोघं शेजारीच बसत. गुंडी देताना त्याचं बोट लागायचं, की तिच्या सुईत दोरा काही जायचा नाही.

तिसऱ्या रविवारी मलकापूरची सत्यभामा आली. तिने गरुड घेतला आणि वामनला चिकटून बसली.

“वामनराव, मले टाका दाखवा ना!”

वामनने दाखवला. फार वेळ दाखवला. वच्छलेने चोच वाकडी कापली.

शिकवणाऱ्या रुक्मिणीबाई सांगत होत्या, “या लोकांत दोन बाजू असतात, डोमकावळा आणि गरुड. लग्न समोरच्या बाजूशीच.”

“आपल्या देवकासारखंच हो,” वर्गातल्या गोजरबाई म्हणाल्या. “दोघायचं देवक एक निघालं की सोयरीक मोडली.”

“मंग आमचं जुळते!” सत्यभामा हसली. “मी गरुड, हे कावळा.”

सगळे हसले. वामनही हसला — वच्छलेला तेच लागलं. घरी जाऊन तिने कावळा उसवला, रागारागात गरुड शिवला. समोरच्या बाजूला काय ती सत्यभामा एकटीच बसणार?

पुढच्या रविवारी तिने तुकडा वामनपुढे टाकला. तो बघतच राहिला. मग त्याने आपला उलगडला. गरुड.

“हे काऊन केलं?” वच्छला.

“तुमी कावळा होत्या म्हून… तुमी काऊन?”

“तुम्ही तिले टाके शिकवून राह्यले होते म्हून!”

“इतका राग?”

“हाव. इतकाच.”

वामनने कात्री बाजूला ठेवली. आवाज खाली आणला.

“पक्ष्याचं राहू द्या. तुमच्या घरचं देवक कोनतं?”

असं कोणी उगाच विचारत नाही. वच्छलेच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं.

“मले… ठाऊक नाही. तुमचं?”

“कळंबाचं झाड.”

सोमवारी सकाळी ती मोठ्या काकांना देवक विचारायला सुलतानपूरला निघाली. बस मेहकरच्या पुढे गेली आहे, सुलतानपूर जवळ आलंय; कळंब सोडून काहीही निघो.