ओल्या गुलाबकळ्या

“नको आई… ती बांधू नकोस त्याला!”

यिंगताओने चार महिन्यांच्या तुनतुनला झटकन छातीशी ओढून घेतलं, आणि तिच्या आईचे, छाइल्येनचे दोन्ही हात, त्या हातांतला पाचरंगी दोरा, दोऱ्याला लटकणारी पिवळ्या रेशमाच्या वाघाची इवलीशी गंधपिशवी, सगळं तसंच अधांतरी राहिलं. पाचव्या महिन्यातल्या पंचमीची सकाळ होती. डोंगरात कोरलेल्या त्या घराच्या दारावर रानदवण्याची ताजी जुडी खोचलेली होती, चुलीवर पानांत बांधलेल्या बोर-भाताला वाफ येत होती, आणि चुलीपाशी उभी असलेली छाइल्येनची सून रुइश्या हातातली पळी तशीच धरून थिजली होती.

“सासूबाईंनी बजावून पाठवलंय,” यिंगताओ मान खाली घालून म्हणाली. “तुझ्या माहेरची गंधपिशवी बाळाच्या अंगाला लागता कामा नये म्हणाल्या. दुकानातली आणून दिलीय त्यांनी. आई, वाईट वाटून घेऊ नकोस गं… मागच्या वर्षीचं सगळ्यांना ठाऊक आहे.”

“वाईट कसलं त्यात?” छाइल्येन हसली. “बरोबरच आहे त्यांचं. लेकराला जपायलाच हवं.”

आणि तिने तो वाघ मुठीत मिटून मांडीवर ठेवला.

ते हसू रुइश्याला बघवेना! पहिल्या पंचमीला नातवाच्या छातीवर आजोळच्या आजीने शिवलेली पिशवी बांधायची, हा त्या मुलखातला आजीचा मान. आणि ही तर छाइल्येन! चाळीस वर्षं या गावात पाळणा हलला की लोक तिच्याच अंगणात यायचे. रेशमाचे वाघ, बेडूक, भोपळे तिच्या सुईतून उतरायचे. पोटात रानदवणा, लवंग आणि सावलीत वाळवलेल्या गुलाबकळ्या. तिची पिशवी गळ्यात असली की पोर उन्हाळा सुखरूप काढणार, असं आयाबाया बिनधास्त म्हणायच्या. आज तिच्या पोटच्या मुलीने तिचा हात मागे सारला होता… आणि त्याचं कारण चुलीपाशी उभं होतं, गप्प!

मागच्या वर्षी रुइश्या नवी नवरी होती. लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच तिचा नवरा शिआन शहरात बांधकामावर निघून गेला होता. पंचमीच्या तोंडावर दोन दिवसांसाठी तो येणार असल्याचा निरोप आला. तीन दिवस आभाळ दाटलेलं होतं आणि खोलीभर सुपांत कळ्या पसरलेल्या होत्या. वरून त्या कागदासारख्या वाजत होत्या, पण देठाजवळच्या हिरव्या बोंडात ओल राहते, आणि बोंड मोडून पाहिल्याशिवाय ती कळत नाही. रुइश्याला केस धुवायचे होते, खोली आवरायची होती, त्या सुपांचा तिला कंटाळा आला होता. सासूने दारातूनच विचारलं, “बोंडं मोडून पाहिलीस ना गं?” आणि ती आरशातून नजर न काढता म्हणाली, “पाहिली, आई.”

एकही मोडून पाहिलं नव्हतं! भराभर तेवीस पिशव्या भरून तिने तोंडं शिवून टाकली.

बाराव्या दिवशी शेजारच्या मा काकूच्या नातीच्या मानेवर अळी चढली. मग दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात… कुठे बुरशी, कुठे वळवळ. आठ-दहा बायका उसवलेल्या पिशव्या घेऊन अंगणात आल्या. आता आई माझं नाव घेणार, असं रुइश्याला वाटत असतानाच छाइल्येन पुढे झाली आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकली. “माझंच चुकलं, बायांनो. नाक गेलं माझं, ओल समजलीच नाही.” सुनेकडे तिने वळूनही पाहिलं नाही. आणि रुइश्या… रुइश्या गप्प राहिली! उद्या सांगू म्हणाली. उद्याचा परवा झाला, सुगी झाली, बर्फ पडला आणि वितळला. त्या वर्षात गावात पाच बाळं जन्मली. छाइल्येनच्या अंगणात कुणी आलं नाही. सुईची टोपली घेऊन ती उन्हात बसायची, दारावरून पावलं गेली की मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. रुइश्या आतून बघायची.

“काय गं यिंगताओ, आलीस होय?” भाताचं टोपलं कमरेवर घेऊन मा काकूच दारात उभी होती. मुठीबाहेर डोकावणारं वाघाचं शेपूट तिला लगेच दिसलं. “अगंबाई! शिवलीस वाटतं? यंदा आत कळ्या भरल्यास की पाळीव जनावरं?”

स्वतःच्या थट्टेवर मा काकू खो-खो हसली. छाइल्येनही हसली, आणि हसता हसता तिने मूठ बाहीच्या आत ओढून घेतली, जणू चोरीचा माल लपवावा तशी.

रुइश्याच्या हातून पळी खाली पडली.

“मी भरल्या होत्या!”

“काय म्हणालीस?”

“मागच्या वर्षी… त्या तेवीस पिशव्या मी भरल्या, काकू. कळ्या ओल्या होत्या. आईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुमच्या नातीच्या मानेवर ती अळी माझ्यामुळे चढली. आईंनी तर नुसतं कापड शिवलं होतं!”

“रुइश्या, गप्प बस!” छाइल्येन ओरडली. “सणाच्या दिवशी काय बरळतेस? काकू, तू जा गं, हिला चुलीची धग लागलीय.”

पण मा काकू जाणाऱ्यांतली नव्हती. तिने टोपलं खाली ठेवलं. “आणि वर्षभर तोंडात काय भात धरला होतास? मी या बाईला विहिरीवर, लग्नात, जिथे दिसेल तिथे बोलले! चार बायकांत आंधळी म्हणाले! आणि तू तिच्या मागे बादली धरून उभी असायचीस… लाज नाही वाटली?”

“वाटली,” रुइश्या म्हणाली. “रोज वाटली. म्हणूनच बोलता आलं नाही. जितके दिवस गेले तितकी वाढत गेली…” तिला पुढे बोलवेना. अश्रूंनी समोरचं सगळं पुसट झालं, आणि एका परीने ते बरंच होतं, कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

“आई!” यिंगताओचा आवाज फाटला. “मला तरी सांगायचंस! माझ्या सासरी तुझं नाव निघालं की मी भिंतीकडे तोंड करते गं… तुला माहीत होतं, आणि तू मलाही…”

“तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस,” छाइल्येन थकून म्हणाली. “नवी सून, नवरा परमुलखात. हिला या गावात पन्नास वर्षं काढायचीत. मला किती राहिली? माझं नाव जुनं झालं होतं, फाटलं तर फाटलं.” पहिल्यांदाच तिने सुनेकडे सरळ पाहिलं. “गावाचं मला काही नव्हतं, पोरी. पण तू मला येऊन सांगशील असं वाटायचं. एकटीला मला. जेवण झाल्यावर भांडी घासायला मी मुद्दाम रेंगाळायचे… तू शेजारी बसायचीस, फडका पिळायचीस आणि उठून जायचीस.”

एक थोबाडीत मारली असती तर रुइश्याला सोसली असती! त्या ओल्या फडक्याची प्रत्येक संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढून गेली. ती जमिनीवर बसली, सासूच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून हमसून हमसून रडली, आणि छाइल्येनने तिला जवळ घेतलं नाही की दूरही लोटलं नाही. बऱ्याच वेळाने फक्त तिच्या मानेवरची सुटलेली बट मागे सारली.

यिंगताओने तुनतुनला आईपुढे धरलं. “तूच बांध. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते.”

गाठ मारताना छाइल्येनच्या हातून तीनदा दोरा सुटला. मा काकूने नाक पुसलं, टोपलं उचललं आणि निघून गेली. दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळणार, हे त्या तिघींनाही ठाऊक होतं.

“तिच्या तोंडून जायला नको,” छाइल्येन म्हणाली. “भाताच्या पुड्या टोपलीत भर. सगळ्या तेवीस घरी द्यायच्या, आणि प्रत्येक दारात तूच सांगायचं.”

“आई, मला… मला नाही जमणार.”

“जमवावं लागेल.”

रुइश्याने टोपली भरली. डोळे सुजलेले, मान मोडल्यासारखी खाली. अंगणाच्या फाटकाशी तिचे पाय थांबले, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. छाइल्येन पदर झटकावा तसा कोटाचा धूळकट काठ झटकत येत होती.

“बोलणार तू,” ती म्हणाली. “मी नुसती बरोबर येते.”

पहिलं घर उताराच्या टोकाला होतं. बंद दारापुढे रुइश्या उभी राहिली. हात उचलला, पण तो दारापर्यंत पोचेना. छाइल्येन थोडा वेळ थांबली. मग तिनेच दोनदा कडी वाजवली आणि एक पाऊल मागे सरून सुनेच्या शेजारी उभी राहिली.

दार उघडलं.

“काकू,” रुइश्या म्हणाली, “मागच्या वर्षी तुमच्या घरात जी पिशवी आली…”