सोळा तावांची नवरी

प्रेम ही दैवयोगाने घडणारी, माणसाच्या कुठल्याही आखणीला न जुमानणारी गोष्ट आहे, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. यातला एकही थोर सिनेमाच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला नव्हता.

मधुमतीला हे कळलं ते १९८९च्या ऑक्टोबरात, लंडनच्या ईलिंगमधल्या एका जुन्या थिएटरच्या मागच्या दारात. ती तिथे असिस्टंट मॅनेजर होती. म्हणजे पॉपकॉर्नचं मशीन बिघडलं की सगळे तिच्याकडे बघायचे. बाहेर इंग्लंडचा नेहमीचा पाऊस होता – पडतोय की नुसताच उभा आहे, ते न कळणारा. तिने दार उघडलं आणि एक उंच मुलगा पायरीला अडखळून थेट आत आला.

"आई गं!" तो कळवळला.

मधूने भुवया उंचावल्या. "मराठी?"

"मँचेस्टर," तो गुडघा चोळत म्हणाला. मग चष्म्यावरचे थेंब पुसून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं… आणि पुढचं वाक्य विसरला.

वाक्य आठवल्यावर कळलं ते असं : नाव यशोधन, पीएचडी संपत आलेली, विषय मूकपट थिएटरवाल्यांना कसे विकले जायचे. या जुन्या थिएटरात त्यातलं काही उरलंय का, ते शोधायला आला होता.

"म्हणजे पिक्चर नाही, पिक्चरच्या जाहिराती?"

"पिक्चर बहुतेक जळून गेले. जाहिराती उरल्या."

"टिपिकल," मधू म्हणाली आणि टॉर्च घेऊन आली.

स्टेजखाली धुळीत ताडपत्रीची एक वळकटी होती आणि तिच्यासोबत एक भलंमोठं पुस्तक. त्या काळी फिल्म कंपनी थिएटरला पिक्चरबरोबर असं पुस्तक पाठवायची, यशोधन सांगत होता – पेपरात काय छापायचं, फॉयर, म्हणजे दारातलं दालन, कसं सजवायचं, रस्त्यावर काय नाटक करायचं, सगळं तयार. सांगताना त्याचा आवाज देवळात आल्यासारखा खाली आला होता. मधूला हसू येत होतं. मग त्यांनी वळकटी उलगडली.

आत पोस्टरचे सोळा ताव होते, कोपऱ्यात नंबर घातलेले. दोघांनी बूट काढले आणि ते ताव स्टेजवर जोडत गेले. आधी पांढऱ्या जाळीचा पदर. मग एक भुवई. मग हातभर लांब डोळा, आणि त्या डोळ्यात एक थेंब, जो खाली पडायचा साठ वर्षं थांबला होता. शेवटचा ताव लागला आणि पळून निघालेली एक नवरी जमिनीवरून त्यांच्याकडे बघू लागली. लाल रंग तर अजून ओला वाटत होता.

"किती मोठी आहे हा पोस्टर…" मधू कुजबुजली. जन्म ईलिंगचा, त्यामुळे तिचं मराठी शनिवार-रविवारचं होतं. यशोधनने चूक काढली नाही. नवरीच्या ओठांच्या एका टोकाला तो गुडघ्यांवर बसला होता, दुसऱ्या टोकाला ती. बराच वेळ कोणी हललंच नाही.

पिक्चरची एक प्रत संग्रहालयात शिल्लक होती. मॅनेजरने रविवारचा खेळ दिला. लोक मात्र तुम्ही आणा, म्हणाला. यशोधनने पुस्तक उघडलं. "नवरा-नवरीने तीन दिवस सूटकेस घेऊन बाजारातून चालायचं. कोणाशी बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी सूटकेसवर थिएटरचं नाव." त्याने चष्मा वर सरकवला. "आणि पान नऊ… नवऱ्याने नवरीकडे प्रेमाने बघत राहायचं."

नवरीचा गाऊन जुन्या कपड्यांच्या चॅरिटी शॉपमधून आला, सूट यशोधनच्या बाबांचा. शुक्रवारी दोघं ईलिंगच्या बाजाररस्त्यावरून, ब्रॉडवेवरून, निघाले. लोक थबकत होते, बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, आणि यशोधन बघत होता.

"असं काय बघतोस?" मधू ओठ न हलवता म्हणाली.

"पान नऊ."

"फारच चांगलं जमतंय तुला."

"होमवर्क केलाय."

हे सगळं पुस्तकाबरहुकूम चाललं होतं. फक्त पुस्तक लिहिणाऱ्याला महाराष्ट्र मंडळ ठाऊक नव्हतं. दोनशे सात नंबरच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, मंडळातली रेखामावशी बसली होती.

मधू घरी पोचली तेव्हा आई फोनपाशी रडून मोकळी झाली होती. "ना मुंडावळ्या, ना मंगळसूत्र! आणि हातात सूटकेस! कुठे निघाली होतीस?"

"आई, पब्लिसिटी होती! कोणाला सांगायचं नसतं, असं पुस्तकात…"

"बोलाव त्याला."

शनिवारची फेरी संपताच यशोधन आला. आईने चहा पुढे केला. "अहो जावई… म्हणजे… तुम्ही नक्की कोण?"

"काकू, ती जाहिरात होती. खरंच."

"म्हणजे सगळं खोटं?"

यशोधनने मधूकडे पाहिलं. मग कपाकडे. "चहा… छान झालाय," तो म्हणाला.

मधूला चहा कधी इतका कडू लागला नव्हता. सोमवारी हा ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत नोकरीवर रुजू होणार. तेव्हा ते बघणं पुस्तकाचं होतं की त्याचं, एवढं तरी कळायला हवं होतं! तो गेल्यावर ती तडक थिएटरात गेली आणि पुस्तक स्वतः उघडलं.

पान नऊवर साबणाची जाहिरात होती.

मधू तिथेच, एकटी, मोठ्याने हसली. पण विचारायचं तिने नाही. बोलायचं त्याने, आणि सोमवारच्या आत.

रविवारी सकाळी सूटकेसवर नाव रंगवलं गेलं. तरी तो बघत होताच. "पान नऊ?" तिने विचारलं. "पान नऊ," तो म्हणाला. भित्रा!

संध्याकाळी थिएटर भरलं. अर्धं ईलिंग आलं होतं आणि अख्खं मंडळ – नवरा-नवरी नक्की कोणाचे, ते पाहायला. फॉयरमध्ये सोळा ताव भिंतीवर चढवले होते. दारातून येणारा प्रत्येक जण त्या डोळ्यांखाली आला की बोलायचा थांबे. रेखामावशीचे तर हातच जोडले गेले. मग ती पर्स शोधतेय असं दाखवू लागली.

अंधार झाला. पियानो सुरू झाला. मागच्या रांगेत दोघं शेजारी बसले होते आणि पडद्याचा रुपेरी उजेड यशोधनच्या चष्म्यावर हलत होता.

"मधू…"

"शू."

"पान नऊ… तसं काही नाहीये. ते मीच घातलं."

"तिथे साबण आहे," ती पडद्याकडेच बघत म्हणाली.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नव्हतं ना कोणाशी."

पियानोवाला एक अख्खं वादळ वाजवून मोकळा झाला. मग यशोधन म्हणाला, "काकूंनी विचारलं, सगळं खोटं का. नाही. मी उद्या ब्रिस्टलला जातोय आणि मला… तुझ्याशिवाय कुठेच जायचं नाहीये. शनिवारी येशील? मग मी पुढच्या शनिवारी येईन. काकूंचा चहा…"

"चहाचं नाव काढू नको," मधू म्हणाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. कुठल्याही पानावर नसलेला, तिच्या एकटीचा हात.

दिवे लागले. सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आई आणि रेखामावशी एकाच रुमालाने डोळे पुसत होत्या.

चित्रपट अगदीच सुमार होता.